अकरावीत गणित ठेवावे की सोडावे? कोणत्या पदवीला ते प्रवेशासाठी लागते आणि कोठे नंतर पुन्हा समोर येते?

प्रश्न: पालक, दिग्रस तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेतून यंदा दहावी उत्तीर्ण झाली. बीजगणितात तिला 40 पैकी 33 आणि भूमितीत 29 गुण आहेत. तिला शास्त्र शाखेत जायचे आहे आणि अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरण्याचे दिवस जवळ आले आहेत.

आमच्या गावापासून नऊ किलोमीटरवर एक कनिष्ठ महाविद्यालय आहे. तेथे शास्त्र शाखा आहे, पण गणिताला कायमचे शिक्षक नाहीत, म्हणून बहुतेक मुले जीवशास्त्र आणि क्रॉप सायन्स घेतात. तालुक्याच्या ठिकाणी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय मिळतात. मात्र तेथे एसटीने जाण्यायेण्यात रोजचे अडीच तास जातील. नातेवाईक सांगतात की गणित सोडले म्हणजे बारावीचे टक्के वाढतात आणि शेतीची पदवी किंवा औषधनिर्माणशास्त्र करायचे असेल तर गणिताचे कामच नाही.

मुलीचे मन अजून एका ठिकाणी ठरलेले नाही. तिला झाडांची आणि जनावरांची ओढ आहे, तसेच संगणकाचेही आकर्षण आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर असून दहावीनंतर गणिताशी माझा संबंध आला नाही, त्यामुळे तिला नीट सांगू शकत नाही. कोणत्या पदवीसाठी बारावीला गणित असलेच पाहिजे, कोठे ते नसले तरी चालते, आणि जेथे चालते तेथे पुढे ते आडवे येते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर 1: निवृत्त गणित शिक्षक, वाशीम जिल्हा

भाऊ, प्रश्नाचा शेवटचा भाग आपण विचारलात याचे मला फार बरे वाटले, कारण बहुतेक पालक प्रवेशाच्या अटीपाशीच थांबतात. प्रवेशासाठी बारावीला गणित हवे का, प्रवेश परीक्षेत गणित येते का, आणि पदवीच्या वर्गात गणित शिकावे लागते का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत, आणि गावाकडच्या मुलांची फसगत नेमकी तेथेच होते.

ज्या दारावर गणिताचे कुलूप स्पष्ट दिसते, ती दारे आधी सांगतो. अभियांत्रिकीची वाट आपल्या राज्यात एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटातून जाते. त्या परीक्षेत गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे असतात, म्हणजे 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे. भौतिक आणि रसायन यांचे मिळून तेवढेच गुण होतात. वास्तुशास्त्राच्या पदवीलाही गणित लागते. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) परीक्षेत 300 गुणांचा गणिताचा पेपर प्रत्येक उमेदवाराला द्यावा लागतो. तेथे भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, परंतु नौदल आणि वायुदलासाठी बारावीलाच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावे लागते. आपल्या मुलीला जनावरांची ओढ आहे, म्हणून एक जवळचे उदाहरण मुद्दाम देतो. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील पदवीसाठी 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा आणि जीवशास्त्र लागते, गणित लागत नाही. पण त्याच पशुविज्ञान विद्यापीठाचे दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय पुसदजवळ वरूड येथे, म्हणजे आपल्या शेजारीच आहे आणि तेथील बी.टेक. पदवीसाठी गणित हवे. गाय-म्हैस दोन्हीकडे तीच असली तरी उपचाराची पदवी आणि दुधावरील प्रक्रियेची पदवी यांच्या अटी अगदी निरनिराळ्या आहेत.

वैद्यकीय, आयुर्वेद आणि परिचर्या या शाखांना गणित लागत नाही. बी.एस्सी.ला आपण जो विषय मुख्य घेतो त्यावर सारे अवलंबून असते: वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राचा गट घेणाऱ्याला बारावीच्या गणितावाचून अडत नाही, पण भौतिकशास्त्र मुख्य घेणाऱ्याला गणिताशिवाय दुसऱ्याच महिन्यात फळ्यावरचे समजेनासे होते.

काही ठिकाणी मात्र दार उघडे दिसते आणि उंबरठा आत असतो. आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधनाच्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेला बसण्यासाठी भौतिक, रसायन, गणित व जीवशास्त्र यांपैकी तीन विषय पुरतात, म्हणजे गणित सोडलेला विद्यार्थीही पात्र ठरतो. पण त्या परीक्षेत चारही विषयांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात, आणि न शिकलेल्या विषयाचे 15 प्रश्न सोडून स्पर्धेत टिकणे फार कठीण आहे. याच्या उलट बाजूचे उदाहरणही मुलीला सांगा. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत सांख्यिकी किंवा गणिताची पदवी घेण्यासाठी बारावीला गणित आणि इंग्रजी एवढेच आवश्यक असते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 साली स्थापन केलेली ही संस्था भौतिकशास्त्राचीही अट घालत नाही, ही गोष्ट आपल्या भागातल्या फार थोड्या मुलांपर्यंत पोहोचते, याचे मला शिक्षक म्हणून कायम वाईट वाटत आले आहे.

आपल्याकडच्या निवडीतील एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी. क्रॉप सायन्स हा 200 गुणांचा द्विलक्ष्यी (बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख) विषय आहे. तो घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो, म्हणून गणित आणि जीवशास्त्र यांपैकी एकच हाती राहते. दोन्ही हवे असतील तर द्विलक्ष्यी विषय न घेता इंग्रजी, दुसरी भाषा आणि चार शास्त्रविषय अशी रचना करावी लागते. त्यामुळे जवळच्या महाविद्यालयाची निवड ही प्रत्यक्षात गणित सोडण्याची निवड आहे, हे समजूनच ती करावी.

उत्तर 2: कृषी पदव्युत्तर विद्यार्थी, अकोला

काकांनी लिहिले आहे की शेतीच्या पदवीला गणिताचे काम नाही असे नातेवाईक सांगतात. मीही पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटातून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या घटक महाविद्यालयात आलो तेव्हा हेच ऐकून आलो होतो, म्हणून माझा अनुभव लिहितो.

प्रवेशापुरते ते खरे आहे. बी.एस्सी. कृषीसाठी सीईटीचा पीसीएम किंवा पीसीबी यांपैकी कोणताही गट चालतो. मात्र विद्यापीठांना हा फरक माहीत असतो, म्हणूनच आम्ही शिकलो त्या, कृषी पदवीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या, अभ्यासक्रमात बारावीला गणित नसलेल्यांसाठी प्राथमिक गणिताचा आणि जीवशास्त्र नसलेल्यांसाठी प्राथमिक जीवशास्त्राचा उपचारात्मक अभ्यासक्रम ठेवलेला होता. माझ्या वाट्याला गणित आले. दोन श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) सरळ रेषेच्या समीकरणापासून विकलन-संकलनापर्यंत (डिफरन्सिएशन-इंटिग्रेशनपर्यंत) सारे उरकले जाते. त्यात उत्तीर्ण होता येते, पण विषय अंगी मुरत नाही.

त्यानंतर सांख्यिकी पद्धतींचा पेपर प्रत्येकालाच असतो, आणि खरी परीक्षा तेथे होते. समजा कपाशीचे पाच वाण घेतले आणि प्रत्येकाच्या चार पुनरावृत्ती केल्या, तर वीस वाफे झाले. जमीन सगळीकडे सारखी नसते, बांधाजवळ ओल जास्त असते, म्हणून वीस वाफ्यांचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटात पाचही वाण चिठ्ठ्या टाकून लावायचे. वेचणीनंतर जो फरक दिसतो त्यातला किती वाणांमुळे आला, किती जमिनीमुळे आला आणि किती निव्वळ योगायोगाचा आहे, हे वेगळे करावे लागते. योगायोगाच्या त्या हिश्शाला येथे 12 स्वातंत्र्यमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे एकमेकांवर अवलंबून नसलेल्या फरकांची संख्या) मिळतात, कारण एक वजा केलेले वाण चार आणि एक वजा केलेले गट तीन यांचा तो गुणाकार आहे. हे सूत्र मी पहिल्या वर्षी पाठ केले होते. ते का खरे आहे हे मला एम.एस्सी.ला आल्यावर, गणित घेतलेल्या वर्गमैत्रिणीने वहीवर मांडून दाखवले तेव्हा समजले.

एखादा वाण दुसऱ्यापेक्षा हेक्टरी दोन क्विंटल जास्त देतो, असे शिफारशीत लिहिले जाते तेव्हा त्यामागे हाच हिशोब असतो, आणि त्या शिफारशीवर आपल्या घरची माणसे बियाण्याला पैसे घालतात. शेतीत गणित नाही, हे म्हणणे मला आता पटत नाही. गणित नसताना शेतीची पदवी मिळते, एवढेच खरे आहे. शिवाय कृषी अभियांत्रिकीच्या बी.टेक.साठी पीसीएम गटच लागतो. ट्रॅक्टर, ठिबक आणि मृद-जलसंधारण यांत रस निर्माण झाला तर पीसीबीवाल्याला ती वाट मिळत नाही. माझ्या एका मित्राची ती खंत अजून गेलेली नाही.

उत्तर 3: औषधनिर्माणशास्त्राची अध्यापिका

बी.फार्म.बद्दल थोडक्यात लिहिते. प्रवेशासाठी गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात पीसीबीमधून आलेल्यांना उपचारात्मक गणित आणि पीसीएममधून आलेल्यांना उपचारात्मक जीवशास्त्र शिकावे लागते. या गणितात लॉगॅरिदम, मर्यादा, सारणी, विकलन, संकलन, विकलक समीकरणे आणि शेवटी लाप्लास रूपांतर, एवढे सारे तीस तासांत असते. ज्यांनी अकरावी-बारावीत हे कधी पाहिलेले नाही, त्यांची पहिल्या सत्रात दमछाक होते.

हे गणित शोभेसाठी ठेवलेले नाही. शरीरातील औषधाचे प्रमाण कमी होण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या प्रमाणाच्या पटीत असतो, या एका वाक्यातून विकलक समीकरण तयार होते, आणि ते सोडवले की औषधाचा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ, 0.693 भागिले वेगस्थिरांक (त्या पटीचा आकडा) असा मिळतो. अर्धायुकाल सहा तासांचा असेल तर चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो, आणि गोळी दिवसातून किती वेळा द्यायची याचा विचार तेथून सुरू होतो. शेवटच्या वर्षी जैवसांख्यिकी आणि संशोधनपद्धती हा पेपरही आहे. माझ्या वर्गात पीसीबीच्या मुली मेहनतीने पुढे गेल्या आहेत आणि जातात. तरीही ज्यांनी चारही विषय घेतलेले असतात त्या पहिल्या वर्षी निश्चिंत असतात, हे मी दरवर्षी पाहते.

उत्तर 4: पदविकेतून अभियांत्रिकीला गेलेला, मूर्तिजापूर परिसर

अकरावी-बारावी टाळून गणिताला वळसा घालता येतो असे पुष्कळांना वाटते, म्हणून हे लिहितो. मी दहावीनंतर तंत्रनिकेतनात गेलो. पदविकेच्या पहिल्या वर्षी गणिताचे दोन पेपर झाले आणि त्यानंतर मी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला. माझ्यासोबत बसलेल्या मुलांनी बारावीचे गणित आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित पूर्ण केलेले होते. मी मात्र सरळ तिसऱ्या पेपरला बसलो. मला साधे खंडशः संकलन सफाईने जमत नव्हते आणि वर्गात लाप्लास व फूरिये सुरू झाले होते. महाविद्यालयाने आमच्यासारख्यांसाठी वेगळा तास ठेवला नाही. दोन वेळा तो पेपर राहिला, तिसऱ्यांदा निघाला. तंत्रनिकेतनाची वाट चांगली आहे, हाताला काम लवकर मिळते, पण गणित त्या वाटेवरही उभेच आहे. फक्त ते उशिरा भेटते आणि तेव्हा शिकवणारे कोणी जवळ नसते.

उत्तर 5: परिचारिका, ग्रामीण रुग्णालय

दादा, वरील सर्वांचा मान राखून मी थोडे वेगळे मत मांडते. रोज अडीच तास प्रवास, त्यात चार जड विषय, आणि घरी आल्यावर घरकामात हातभार, हे सोळा वर्षांच्या मुलीला किती झेपेल याचा विचार कोणी केलेला दिसला नाही. माझ्या बहिणीच्या मुलीने चारही विषय घेतले होते. तिला वैद्यकीय शाखेतच जायचे होते आणि ते पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. गणिताच्या गृहपाठात आणि प्रात्यक्षिक वहीत जीवशास्त्राचा वेळ गेला. बारावीला गणितात बरे गुण मिळाले, पण नीटमध्ये ती थोडक्यात मागे राहिली. जिचे लक्ष्य एकच आहे तिने गणित सोडणे हा पळपुटेपणा नव्हे.

गणित नर्सिंगच्या प्रवेशाला लागत नाही, पण वॉर्डात लागते, हे मात्र मी मान्य करते. 500 मिलिलिटरची बाटली चार तासांत द्यायची आणि एका मिलिलिटरला 20 थेंब पडतात, तर मिनिटाला साधारण 42 थेंब ठेवावे लागतात. हा हिशोब रात्री दोन वाजता झोपेच्या अमलात न चुकता यावा लागतो. पण तो सातवी-आठवीच्या त्रैराशिकाचा आहे. त्यासाठी बारावीचे संकलन लागत नाही.

उत्तर 6: निवृत्त गणित शिक्षक

ताईंचे म्हणणे योग्य आहे, आणि लक्ष्य पक्के असते तर मीही तेच सांगितले असते. परंतु भाऊंनी लिहिले आहे की मुलीचे मन ठरलेले नाही. अशा मुलीच्या बाबतीत मी दोन्ही विषय ठेवण्याच्या बाजूचा आहे. अकरावीत दोन्ही घेऊन वर्षभरात ओढ कोणीकडे आहे ते पाहता येते. बारावीनंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून सुटा विषय देण्याची सोय आहे, पण खेड्यात शिक्षकाविना एकट्याने बारावीचे गणित करणे म्हणजे वर्ष पणाला लावणे होय. शिवाय ज्या प्रवेशासाठी तो विषय उपयोगात आणायचा, तेथील माहितीपुस्तिका आधी तपासावी लागते. जीवशास्त्र वाचून बऱ्याच अंशी समजून घेता येते. गणित मात्र कोणीतरी समोर बसून चुका दाखवल्याशिवाय येत नाही. म्हणून शिक्षक कोठे आहेत, यालाच मी जास्त वजन देतो. अर्ज भरण्यापूर्वी तालुक्याच्या महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन गणिताच्या तासिका नियमित होतात का, हे बारावीच्या मुलांनाच विचारून घ्यावे.

प्रश्नकर्ता: पालक, दिग्रस तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे मी मुलीला वाचायला दिली. कृषी विद्यार्थ्याने लिहिलेला वीस वाफ्यांचा भाग तिने दोनदा वाचला आणि आमच्याच वावराचा नकाशा काढून बसली. उद्या आम्ही दोघे तालुक्याला जाऊन तासिकांची चौकशी करणार आहोत. जाण्यायेण्याचा वेळ हा प्रश्न उरतोच. मात्र तिच्यासोबत गावातील आणखी दोन मुली तेथे जाण्याच्या विचारात आहेत, त्यामुळे थोडा धीर आला आहे.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. तिचे गणित मराठीतून झाले आहे आणि अकरावीला सारे इंग्रजीतून असते, तर वर्ग सुरू होईपर्यंत काय करावे? आणि माझा पुतण्या वाणिज्य शाखेत जात आहे, त्याला गणित घ्यायला सांगावे का?

उत्तर 7: निवृत्त गणित शिक्षक

पुतण्याचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात होण्यासारखे आहे. वाणिज्य शाखेत गणित ऐच्छिक असते आणि बहुतेक मुले त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेतात. बी.कॉम.च्या प्रवेशाला त्याने काही अडत नाही. परंतु सनदी लेखापाल व्हायचे मनात असेल तर फाउंडेशन परीक्षेत व्यावसायिक गणित, तर्क आणि सांख्यिकी यांचा 100 गुणांचा पेपर असतो, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. वाणिज्य शाखेचे बारावीचे गणित शास्त्र शाखेपेक्षा वेगळे आहे. त्यात दलाली, विमा, निर्देशांक, कालश्रेणी आणि समाश्रयण असे व्यवहाराला भिडणारे धडे आहेत. अर्थशास्त्राच्या चांगल्या पदवीसाठीही त्याला गणित हवेच: दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो. गणितात तो अगदीच कच्चा नसेल तर घ्यायला सांगा.

मुलीच्या भाषेची अडचण खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने हुशार मुले दिवाळीपर्यंत गणित सोडून देतात, हे मी माझ्या वर्गात अनेकदा पाहिले आहे. तिला वर्गसमीकरण उत्तम येते, पण फळ्यावर क्वाड्रॅटिक इक्वेशन असे ऐकले की नवीनच काही आले असे वाटते आणि ती हात वर करत नाही. दहावीचे बीजगणित आणि भूमिती यांची इंग्रजी माध्यमाची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती उतरवून घ्यावीत. शंभर पानी वहीच्या प्रत्येक पानाचे दोन भाग करून डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी संज्ञा लिहावी, आणि प्रत्येक संज्ञेखाली आपण सोडवलेले एक उदाहरण इंग्रजीतून पुन्हा मांडावे. नुसते शब्द पाठ करू नयेत. सगळी पुस्तके करण्याची गरज नाही: बीजगणितातील वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी, भूमितीतील निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती एवढे चार धडे पुरेत, कारण अकरावीची सुरुवात यांवरच उभी आहे. भूमितीत तिला 29 गुण आहेत, तेव्हा त्रिकोणमितीपासून आरंभ करावा. रोज पाच उदाहरणे, जास्त नकोत. गावातील त्या दोन मुलींनाही सोबत बसवावे, म्हणजे एकीचे अडले तर दुसरी सांगू शकेल. वहीत काही शंका उरल्या तर त्यांची छायाचित्रे येथे टाकावीत, मी सायंकाळी पाहत जाईन.